राखणीची कला

कला आणि भूमी यांच्या संबंधाचा विचार आपल्याकडे बहुधा निसर्गचित्रांच्या प्रदर्शनापाशी सुरू होतो आणि तेथेच थांबतो. डोंगर, नदी, पाऊस, मावळतीचा प्रकाश यांची चित्रे पाहून मन प्रसन्न होते, प्रसन्न मनात त्या डोंगराविषयी आणि नदीविषयी प्रेम उपजते, आणि प्रेम उपजले की रक्षण आपोआप घडते, असे आपण इतक्या निःशंकपणे गृहीत धरले आहे की या अनुमानाचा एकेक दुवा हाती घेऊन तो कितपत भार सोसतो हे पाहण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. प्रस्तुत संग्रह त्या तपासणीसाठी सिद्ध केला आहे. सह्याद्रीचे जलरंगातील चित्र दिवाणखान्यात लावणारा गृहस्थ त्याच सह्याद्रीच्या उतारावर डोंगर कापून बंगला बांधतो, आणि हे दोन्ही व्यवहार त्याच्या मनात एकमेकांशी भांडत नाहीत, हा अनुभव आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. तो गृहस्थ ढोंगी असतो असे मी मानीत नाही. त्याचे प्रेम खरे असते. त्या प्रेमाला करण्यासारखे काम मात्र कोणी दिलेले नसते. हे काम कलेने कोठे, केव्हा आणि कोणत्या रीतीने दिले, याचा शोध हा या ग्रंथाचा विषय.

नवागत वाचकाला या क्षेत्राचा विस्तार प्रथम ध्यानी यावा म्हणून थोडे मागे जाणे इष्ट ठरेल. भूमीकडे दृश्य म्हणून पाहण्याची परंपरा चीनमध्ये फार जुनी आहे. पाचव्या शतकातील त्सुंग बिंग या चित्रकाराने वार्धक्यात पर्वतयात्रा अशक्य झाल्यावर भिंतींवर पर्वतांची चित्रे लावून पडल्या पडल्या त्यांतून संचार केला, असे सांगतात, आणि पुढे कित्येक शतके तेथील चित्रकारांनी पर्वत व जल यांच्या चित्रणाला साधनेचे स्थान दिले. युरोपात सतराव्या शतकात क्लोद लोरँ याने रंगविलेली सोनेरी प्रकाशातील भूदृश्ये इंग्लंडमधील जमीनदारांना इतकी मोहक वाटली की त्यांनी आपल्या जहागिरीच त्या चित्रांबरहुकूम घडवून घेण्याचा उद्योग आरंभिला. लॅन्सलॉट ब्राउन हा या उद्योगातील सर्वांत मोठा रचनाकार. त्याने ओढे अडवून तळी केली, टेकड्या सपाट केल्या, वृक्षांचे पुंज लावले. आणि डॉर्सेटमधील मिल्टन ॲबस येथे तर धन्याच्या दृष्टिपथात येणारे गावच्या गाव उठवून दुसरीकडे वसविण्यात आले. दृश्य निर्मळ झाले, परंतु त्या दृश्यात राबणारी माणसे त्यातून वजा झाली. ही वजाबाकी मी मुद्दाम नोंदवितो, कारण पुढे ती पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

अमेरिकेत तिला कायद्याचे बळ मिळाले. १८७१ साली टॉमस मोरन हा चित्रकार यलोस्टोनच्या शोधमोहिमेबरोबर गेला आणि तेथील उष्ण झरे, दऱ्या व धबधबे यांची जलरंगचित्रे घेऊन परतला. विल्यम हेन्री जॅक्सन याची छायाचित्रे आणि मोरनची ही चित्रे यांनी वॉशिंग्टनमधील लोकप्रतिनिधींची मने वळविण्यास हातभार लावला, आणि १८७२ च्या मार्चमध्ये यलोस्टोन हे राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झाले. त्याच वर्षी मोरनने रंगविलेले तेथील दरीचे भव्य तैलचित्र अमेरिकन काँग्रेसने १०,००० डॉलर देऊन विकत घेतले. चित्रकलेने निसर्गरक्षणाच्या कामी इतकी थेट कामगिरी बजावल्याचे दाखले फार थोडे आहेत, आणि तिचे श्रेय तिला निःसंकोच दिले पाहिजे. तथापि ज्या भूमीला अस्पर्श अरण्य म्हणून गौरविले गेले त्या भूमीत आदिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या शिकार करीत, कंदमुळे गोळा करीत, गवताला आग लावून कुरणे राखीत आल्या होत्या. उद्यान झाल्यावर त्यांना तेथून दूर ठेवण्यात आले. ज्या चौकटीतून भूमी सुंदर दिसली त्या चौकटीत तिचे राखणदार मावले नाहीत.

आपल्या मुलखात निसर्गचित्रणाची आधुनिक परंपरा १८५७ साली मुंबईत स्थापन झालेल्या सर ज. जी. कलाशाळेतून रुजली, हे सर्वश्रुत आहे. त्या परंपरेतील आबालाल रहिमान यांचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. मुंबईचे शिक्षण पुरे करून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचा आश्रय त्यांना लाभला, आणि १९३१ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी कोटितीर्थाचा परिसर व कोल्हापूरच्या आसपासचा निसर्ग पुन्हा पुन्हा रंगविला. एकाच जलाशयाकडे वर्षानुवर्षे, ऋतूंच्या आणि प्रहरांच्या भेदांसह पाहत राहणे ही स्वतःच एक प्रकारची निष्ठा आहे, आणि निसर्गचित्रणाच्या मार्गाने मनुष्य भूमीच्या जितका निकट जाऊ शकतो तितके ते गेले असे मला वाटते. परंतु चित्राचा कागद घरी येतो आणि तळे तेथेच राहते. त्या तळ्यात पुढे काय सोडले जाईल याचा जाब विचारण्याचा अधिकार किंवा जबाबदारी चित्र पाहणाऱ्याकडे येत नाही, आणि ही मर्यादा चित्रकाराची नसून त्या कलाप्रकाराचीच आहे.

ही मर्यादा ओलांडण्याचा प्रयत्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाला, पण त्याचा आरंभ फारसा सुलक्षणी नव्हता. ज्याला भूमिकला म्हणतात त्या संप्रदायाच्या अमेरिकन प्रवर्तकांनी कलाकृती दालनातून बाहेर काढून थेट जमिनीवर आणली खरी, परंतु जमीन त्यांच्या लेखी बहुतांशी एक प्रचंड कॅनव्हासच राहिली. मायकेल हायझर याने १९६९ मध्ये नेवाडाच्या पठाराच्या कडेवर दोन अजस्र चर खणताना सुमारे २,४०,००० टन खडक आणि माती हलविली. रॉबर्ट स्मिथसन याने १९७० मध्ये यूटामधील खाऱ्या सरोवरात काळ्या बेसाल्टचा सुमारे १,५०० फूट लांबीचा सर्पिल धक्का बांधला. या कृतींचे भव्यत्व मी नाकारीत नाही, पण त्यांच्यात भूमीविषयीची आस्था शोधू जाणे म्हणजे सुरुंगात शेती शोधण्यासारखे आहे. मात्र स्मिथसनविषयी एवढे सांगितले पाहिजे की १९७३ साली विमान अपघातात अकाली मृत्यू येण्यापूर्वीच्या काळात तो उजाड खाणींच्या पुनर्वसनाचे प्रस्ताव घेऊन खाण कंपन्यांची दारे ठोठावीत होता. इंग्लंडच्या रिचर्ड लाँगने तर १९६७ मध्येच गवतावरून येरझारा घालून पडलेली एक सरळ वाट एवढीच आपली कलाकृती मानली होती. ती वाट काही दिवसांत मिटून गेली असणार, आणि तसे व्हावे हेच त्याला अभिप्रेत होते.

खरे वळण आले ते ज्या कलावंतांनी कृतीपेक्षा तिच्यामागून येणाऱ्या निगेला महत्त्व दिले त्यांच्यामुळे. मिअर्ल लेडरमन युकेलिस या न्यूयॉर्कच्या कलावंत स्त्रीने १९६९ साली, मूल झाल्यावर, एक जाहीरनामा लिहिला आणि घर झाडणे, धुणे, दुरुस्ती, संगोपन ही सारी कामे कलाच होत असे प्रतिपादन केले. १९७७ पासून ती त्या शहराच्या स्वच्छता खात्यात निवासी कलावंत म्हणून काम करू लागली, आणि १९७९-८० या काळात तिने खात्यातील सुमारे ८,५०० कामगारांची एकेकाला भेट घेऊन, हस्तांदोलन करून, शहर जिवंत ठेवल्याबद्दल त्यांचे आभार मानले. पर्यावरणाच्या चर्चेत वृक्षांचे नाव नित्य येते, झाडूवाल्याचे येत नाही. ती उणीव युकेलिसने जितक्या स्पष्टपणे दाखविली तितकी दुसऱ्या कोणी दाखविल्याचे मला माहीत नाही.

याच वळणावरील दोन कृतींवर थोडे अधिक थांबावे असे वाटते. जोसेफ बॉइस या जर्मन कलावंताने १९८२ साली कासेल येथील प्रदर्शनात मुख्य संग्रहालयापुढील हिरवळीवर बेसाल्टच्या ७,००० स्तंभांची रास ओतली आणि अशी अट घातली की शहरात कोठेही एक झाड लावल्याखेरीज राशीतील एकही दगड हलणार नाही; प्रत्येक झाडाशेजारी त्याचा स्तंभ रोवला जाईल. नगरातील अनेकांना ही रास कुरूप वाटली, तिच्याविरुद्ध पुष्कळ ओरड झाली, आणि कुरूपता नाहीशी करावयाची तर झाडे लावण्यावाचून दुसरा मार्गच त्यांच्यापुढे उरला नाही. शाळा, मोहल्ले, संस्था झाडांची मागणी करू लागल्या. रास हळूहळू ओसरत गेली. बॉइस १९८६ मध्ये निवर्तला, आणि शेवटचे झाड १९८७ साली त्याच्या मुलाच्या हस्ते लागले. दख्खनच्या वाचकाला हा काळा दगड परका वाटू नये. आपले कातळ आणि किल्ले त्याच जातीच्या पाषाणाचे आहेत. दगड आहे तेवढाच राहतो आणि झाड वाढत जाते, त्यामुळे त्या दोहोंचे प्रमाण दर वर्षी बदलते, आणि शेजारून जाणाऱ्या नागरिकाला आपल्या नगराने उचललेल्या जबाबदारीची उंची प्रत्यक्ष दिसत राहते.

दुसरी कृती ॲग्नेस डेनिस हिची. हिने १९८२ मध्येच मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला, गगनचुंबी इमारतींच्या पायथ्याशी, भराव टाकून केलेल्या दोन एकर जमिनीत गहू पेरला आणि त्या ऑगस्टमध्ये हजाराहून अधिक पौंड पीक घेतले, म्हणून तिची ख्याती झाली; पण माझ्या मते तिची थोर कृती फिनलंडमधील यलोयार्वी येथील वृक्षपर्वत ही होय. खडी काढून ओरबाडलेल्या जागी कृत्रिम टेकडी रचून तिच्यावर १९९२ ते १९९६ या काळात ११,००० माणसांनी ११,००० झाडे गणिती सर्पिल आकृतीत लावली, आणि प्रत्येक लावणाऱ्याला एक सनद देण्यात आली. ही सनद ४०० वर्षांच्या मुदतीची असून ती वारसाहक्काने पुढील पिढ्यांकडे जाते. जमिनीचे मालकी हक्क वंशपरंपरेने देणारी वतने आपल्या इतिहासाला नवी नाहीत; येथे मात्र जे वंशपरंपरेने दिले गेले ते उत्पन्न नव्हे, निगा राखण्याचे उत्तरदायित्व आहे, आणि ज्याला ते मिळाले त्याच्या नातवाच्या नातवालाही त्या झाडाविषयी विचारणा होऊ शकेल अशी तजवीज एका कलावंत स्त्रीने करून ठेवली आहे. कलाकृतीने आपल्यामागे कोणते काम ठेवले आणि ते कोणाच्या पदरी घातले, हा या संग्रहातील विवेचनाचा मुख्य निकष आम्ही अशा कृतींवरून घेतला आहे.

भूदृश्यरचनेच्या शास्त्रालाही हाच निकष लावला असता काही गोष्टी उजळतात. फ्रेडरिक लॉ ओमस्टेड याने १८७८ पासून बोस्टन शहरात सांडपाणी आणि पूर यांच्या उपद्रवावर तोडगा म्हणून भरतीच्या पाण्याची एक दलदल पुन्हा घडविली, आणि ती इतकी स्वाभाविक दिसे की मानवाचे काम म्हणून ती ओळखूही येऊ नये. पण १९१० साली चार्ल्स नदीवर धरण झाले, खारे पाणी गोडे झाले, आणि त्याने योजिलेली वनस्पती नष्ट झाली. रचना निर्दोष होती. तिच्याभोवतीच्या पाण्याचा हिशेब पुढे कोणी सांभाळला नाही. इयन मॅकहार्ग याने १९६९ च्या आपल्या ग्रंथात माती, उतार, पाणी, अरण्य यांचे नकाशे एकावर एक ठेवून कोठे बांधावे आणि कोठे हात लावू नये हे ठरविण्याची पद्धत घालून दिली, आणि आजच्या नियोजनशास्त्रात ती सर्वत्र रूढ आहे. जर्मनीतील ड्यूसबुर्ग येथे पेटर लाट्स याने १९८५ मध्ये बंद पडलेला पोलादाचा कारखाना पाडून न टाकता त्याच्या भट्ट्यांभोवती उद्यान रचले आणि मळीच्या ढिगांवर आपसूक उगवलेल्या झाडांना त्यात मानाचे स्थान दिले. ते उद्यान १९९४ साली खुले झाले. त्याच वर्षी मुंबईत धारावीलगत, मिठी नदीच्या काठी, जेथे पूर्वी शहराचा कचरा पडत असे तेथे सुमारे ३७ एकरांवर उभे राहिलेले महाराष्ट्र निसर्ग उद्यान लोकांसाठी उघडले. ड्यूसबुर्गवर जगभरच्या भाषांत विपुल लेखन आहे. आपल्या घराजवळच्या या वनाविषयी मराठीत जितके लिहिले जावयास हवे होते तितके लिहिले गेलेले नाही.

भारतापुरते पाहता कलेने निसर्गाशी जोडलेला विधी निर्माण करण्याचा आधुनिक काळातील सर्वांत लक्षणीय प्रयत्न शांतिनिकेतनात झाला. रवींद्रनाथांनी १९२८ साली तेथे वृक्षारोपणाचा आणि श्रीनिकेतनात हलकर्षणाचा उत्सव सुरू केला. रोप सजविलेल्या पालखीतून मिरवत येई, नृत्य आणि गायन होई, आणि नंदलाल बोस यांनी श्रीनिकेतनात हलकर्षणाचे भित्तिचित्रही रेखाटले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव देशभर नेला. उत्सवाचा प्रसार झाला, पण त्यातील कलादृष्टी मागे राहिली आणि दफ्तरात भरावयाचे आकडे पुढे आले. रोप लावतानाचे छायाचित्र निघते; तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला पाणी कोण घालणार याची तरतूद क्वचितच असते. याउलट नवज्योत अल्ताफ यांनी बस्तरमधील कोंडागाव परिसरात स्थानिक आदिवासी कलावंतांसह हातपंपांच्या जागा नव्याने रचल्या तेव्हा पाणी भरणाऱ्या स्त्रियांना घडा उचलताना पडणारे श्रम, सांडलेल्या पाण्याची वाट, उभे राहण्याची जागा यांचा विचार प्रथम झाला आणि शिल्प त्या विचारातून आकाराला आले. कलाकृती रोज वापरली जाते, म्हणून तिची दुरुस्तीही रोजच्या व्यवहारात येते.

डहाणू आणि तलासरीकडील वारल्यांच्या चौकाविषयी तेच म्हणता येईल. लग्नाच्या प्रसंगी सवाष्ण स्त्रियांनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने पालघट देवीचा चौक लिहावा, आणि त्या देवीभोवती झाडे, पाखरे, शेते, नाचणारी माणसे यांचे सारे विश्व उमटावे, हा त्या कलेचा मूळ धर्म. १९७० नंतर ती कागदावर आली. जिव्या सोमा मशे यांनी तिला जगभर मान मिळवून दिला, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि २००३ साली ड्यूसलडॉर्फ येथे त्यांच्या चित्रांचे आणि पूर्वी उल्लेखिलेल्या रिचर्ड लाँगच्या कामाचे एकत्र प्रदर्शन झाले. कागदावर आल्याने पोट भरण्याचे साधन मिळाले, हे लहान काम नव्हे. परंतु भिंत, भात आणि लग्न यांच्यापासून सुटलेली आकृती शहरातील पिशव्यांवर आणि उपाहारगृहांच्या भिंतींवर जाऊन बसते तेव्हा तिच्यातील झाड कोणत्या जंगलातले, हे विचारणारा कोणी उरत नाही.

आता देवराईकडे वळतो, कारण या ग्रंथाच्या मध्यभागी तीच आहे. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्रातील देवरायांचा शास्त्रीय अभ्यास करून त्यांचे वनस्पतिशास्त्रीय महत्त्व प्रथम ठसठशीतपणे मांडले. वाघजाई, काळकाई, शिरकाई, वेताळ यांच्या नावाने राखलेल्या या बनांत गारंबीसारख्या अजस्र वेली आणि अन्यत्र तोडले गेलेले वृक्ष शिल्लक होते. आमचे म्हणणे इतकेच की या बनांकडे कलेच्या इतिहासकारांनीही पाहावे. येथे शेंदूर फासलेला तांदळा आहे, विरगळ आहेत, उघड्यावर बसलेली देवी आहे, वर्षाची ठरलेली जत्रा आहे, आणि फांदीला हात लावण्यापूर्वी गुरवाकडून देवीचा कौल घेण्याची रीत आहे; स्थळ, मूर्ती, विधी आणि निर्बंध मिळून ही एक समग्र रचना होते. राज्यव्यवस्थेलाही ही दृष्टी अगदीच परकी नव्हती: अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी सिद्ध केलेल्या आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड मिळवितानाही रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये, अशी ताकीद आहे आणि त्यामागे झाड वाढविणाऱ्याच्या कष्टांची जाणीव आहे. देवराईचे गोडवे गाताना मात्र दोन गोष्टी लपवू नयेत. कित्येक रायांत स्त्रियांना प्रवेश नाही. आणि अलीकडे देवळाच्या जीर्णोद्धारासाठी रायीतीलच झाडे विकून स्लॅबचे, लाद्यांचे मंदिर उभारण्याचा प्रघात वाढला आहे. भक्ती कायम आहे, सौंदर्याची कल्पना बदलली आहे, आणि त्या बदलाने जंगल तुटते. सौंदर्यदृष्टी हा रक्षणाच्या कामात शोभेचा भाग नाही, हे याहून स्पष्ट कोठे दिसेल?

कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांविषयीही आज तातडीने बोलले पाहिजे. रत्नागिरी आणि राजापूर परिसरात कशेळी, बारसू, देवीहसोळ, उक्षी येथे, तसेच सिंधुदुर्गात कुडोपी येथे आणि गोव्यात कुशावतीच्या काठी पणसायमळ येथे सपाट कातळावर कोरलेल्या प्रागैतिहासिक आकृती आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांबीचा असून त्याच्या देहात इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ मध्ये या कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. ज्या सड्यावर ती आहेत तो महसुलाच्या दफ्तरात बहुधा पोटखराबा म्हणून नोंदलेला असतो. मृगाचा पाऊस पडला की त्याच खडकाच्या खळग्यांत पाणी साठते, बोटभर मातीत दुसरीकडे कोठेही न आढळणाऱ्या वनस्पती फुलतात, गुरे चरतात, आणि खडकात मुरलेले पाणी खालच्या वाड्यांतील झऱ्यांना पुरते. नोंदीत जे निरुपयोगी आहे त्याच्या जोरावर गाव पाणी पिते. उक्षीच्या ग्रामस्थांनी आपल्या हत्तीभोवती कठडा बांधला. जुन्या कलाकृतीने आजच्या गावाला राखणीचे काम दिल्याचे ते उदाहरण आहे. कठड्याच्या आत शिल्प वाचेल. सडा वाचावयाचा असेल तर नोंदच बदलावी लागेल, आणि नोंद बदलण्यासाठी सड्याचे सौंदर्य दिसणारी नजर तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत पोहोचावी लागेल.

या संग्रहातील लेखक एका विद्येचे नाहीत. चित्रकार, वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक, भूदृश्यरचनाकार, इतिहासाचे अध्यापक आणि गावातील राखणीत प्रत्यक्ष सहभागी असलेले कार्यकर्ते यांना एकत्र आणताना मतभेद मिटविण्याचा आम्ही प्रयत्न केलेला नाही. देवीच्या धाकाने राखलेले बन हे नागरी जबाबदारीचा नमुना होऊ शकते काय, या प्रश्नावर तर दोन लेख परस्परांच्या सरळ विरोधात उभे आहेत. पाश्चात्त्य कृतींची वर्णने आम्ही अनुकरणार्थ दिलेली नाहीत. कासेलमध्ये दगडांची रास फळाला आली ती तेथील नगरपालिकेच्या, शाळांच्या आणि वर्तमानपत्रांच्या विशिष्ट व्यवहारामुळे. आपल्याकडे तीच रास ओतली तर ती ठेकेदाराच्या बांधकामात जिरून जाण्याचा संभव अधिक. प्रत्येक लेखकाने आपल्या विषयातील कृतीचा खर्च कोणी सोसला, पुढची निगा कोणाकडे गेली आणि आज तेथे काय स्थिती आहे हे नोंदवावे, असा आग्रह संपादक या नात्याने मी धरला, आणि त्यापायी काही सुंदर पण अपुरे लेख बाजूला ठेवावे लागले. चित्रपट आणि छायाचित्रण यांना स्वतंत्र ग्रंथच हवा, म्हणून ते येथे नाहीत. नद्यांच्या काठांचे सुशोभन हा विषयही मुद्दाम वगळला आहे: अनेक शहरांत ती कामे अद्याप चालू आहेत, आणि ज्या कृतीची पहिली दहा वर्षेही गेलेली नाहीत तिच्या राखणीचा हिशेब मांडणे आमच्या निकषाप्रमाणे शक्य नव्हते. पुढील आवृत्तीपर्यंत त्यांतील काहींची मुदत भरेल, आणि तेव्हा त्यांचा विचार करण्याची जबाबदारी आम्ही आताच स्वीकारून ठेवीत आहोत.